पार्श्वभूमी : पातं बोट उघडतं की स्प्रिंग?

घडीचा चाकू काय असतो आणि कशाला लागतो, हे सांगत बसायला नको. प्रश्न आहे तो त्यातल्या एका उपप्रकाराचा, ज्याला सगळीकडे ‘असिस्टेड ओपनिंग’ म्हणतात. पातं थोडंसं बोटाने ढकलायचं, पुढचं काम आतली स्प्रिंग करते. हे चाकू गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही ऑनलाइन सर्रास दिसायला लागले आणि त्यांच्यामागून एक शंका आली : हा खटक्याचा चाकू झाला का? विकणारा ठामपणे ‘नाही’ म्हणतो. समोर उघडून दाखवला की बघणारा तितक्याच ठामपणे ‘आहे की!’ म्हणतो. दोघंही खोटं बोलत नाहीत. हा चाकू त्या दोन उत्तरांच्या मधल्या फटीत बसावा म्हणूनच घडवला गेला, आणि ती फट पाडली अमेरिकेतल्या एका जुन्या कायद्याच्या शब्दरचनेने. म्हणून या चाकूची कुळकथा सांगताना पोलादापेक्षा शब्दांबद्दलच जास्त बोलावं लागतं.

आधी ‘खटका’ या शब्दाचा गुंता सोडवू. मराठीत खटका दिव्याचा असतो, बंदुकीचा असतो, पेटीच्या कुलपाचाही असतो. खऱ्या खटक्याच्या चाकूत, ज्याला इंग्रजीत स्विचब्लेड आणि हिंदीत बटनदार म्हणतात, स्प्रिंग सतत ताणलेली असते. पातं बंद असतानाही तिला ते उघडायचंच असतं. तिला अडवून धरतो तो मुठीतला खटका. तो दाबला की अडसर सुटतो आणि पातं आपोआप पूर्ण बाहेर येतं. बोटाचा आणि पात्याचा कुठेही संबंध येत नाही.

असिस्टेड चाकूत असं बटण नसतं. पात्याच्या बुडाशी एक छोटा गुंडा असतो, किंवा पात्याचाच एक कोपरा मुठीच्या पाठीमागून बाहेर डोकावत असतो, त्याला फ्लिपर म्हणतात. मुठीच्या आत, कडेच्या पत्र्याला लागून, एक बारीक पोलादी तार असते. तिची दोन्ही टोकं वाकवलेली. एक टोक पत्र्यात पक्कं रोवलेलं, दुसरं पात्याच्या बुडाशी कोरलेल्या अर्धगोल खाचेत फिरतं. पातं बंद असताना ही तार पात्याला आत दाबते. फ्लिपरवर तर्जनी ठेवून जोर दिला की सुरुवातीला ती विरोध करते, बोटाला तो स्पष्ट जाणवतो. मग एका कोनापर्यंत पातं आलं की तारेची दिशा पालटते आणि आतापर्यंत पात्याला आत खेचणारी तीच तार त्याला बाहेर फेकते. ‘खट्’ आवाज येतो तो पातं अडकपट्टीवर जाऊन बसल्याचा. जुन्या घरांत काळे, गोल, दांडीचे विजेचे स्विच असायचे. त्यांची दांडी मध्यापर्यंत नेईपर्यंत मागे ढकलायची आणि मध्य ओलांडला की स्वतःहून पलीकडे पडायची. चाल तीच.

स्प्रिंग एकच आहे आणि ती दोन्ही कामं करते, हे मला कागदावर वाचून पटलं नव्हतं. पटलं ते चाकू बिघडल्यावर. द्राक्षबागेत ठिबकच्या नळ्या, सुतळी, खताच्या पोत्यांची शिवण कापायला माझ्याकडे तीन इंच पात्याचा असा एक चाकू होता. एका हातात नळी धरलेली असते, दुसरा हात चिखलाचा असतो, अशा वेळी एका हाताने उघडणारा चाकू म्हणजे चैन नव्हे, गरज असते. चारेक वर्षांनी एके दिवशी फ्लिपर दाबला तर पातं अर्ध्यावर लोंबत राहिलं. खोलून पाहिलं तर तार वाकवलेल्या टोकाशीच तुटली होती. मला वाटलं, आता हा साधा हाताने उघडायचा चाकू झाला, तसाच वापरू. पण तो नीट बंदही राहीना. खिशातून काढताना पातं बोटभर उघडं दिसायचं. बंद ठेवणारी शक्तीही त्या तारेबरोबरच गेली होती. पुढे ज्या शब्दांवर अमेरिकेत रण माजलं, ते ‘बंद राहण्याकडे असलेला कल’ हे शब्द म्हणजे वकिली चलाखी नाही, हे त्या दिवशी कळलं.

आता मूळ कायद्याकडे. बटण दाबून उघडणारे चाकू युरोपात आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून होते आणि बराच काळ ते शेतकऱ्यांचे, शिंप्यांचे, कोळ्यांचे चाकू म्हणून विकले गेले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई छत्रीधारी सैनिकांना असा चाकू मुद्दाम दिला जायचा, कारण झाडात अडकलेल्या माणसाला छत्रीचे पट्टे एका हाताने कापता यायला हवेत. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांनी इटलीतून लांब, निमुळते, टोकदार खटक्याचे चाकू आठवण म्हणून आणले आणि इथून सूर बदलला. १९५० साली एका महिला मासिकात या चाकूंना जीवघेणं खेळणं ठरवणारा लेख आला, पाठोपाठ सिनेमातल्या टोळक्यांच्या हातात ते दिसायला लागले, १९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने बंदी घातली आणि ऑगस्ट १९५८ मध्ये देशपातळीवरचा कायदा झाला.

त्या कायद्याबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे की त्याने अमेरिकेत खटक्याचा चाकू बाळगणंच गुन्हा ठरवलं. तसं नाही. त्याने मुख्यतः एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा व्यापार आणि परदेशातून होणारी आयात रोखली. बाळगण्यावरची बंदी संघराज्याच्या थेट ताब्यातल्या भूभागांपुरती होती. बाकी प्रत्येक राज्याने आपापलं ठरवायचं होतं आणि राज्यांनी ते इतक्या वेगवेगळ्या तऱ्हेने ठरवलं की एका राज्यातला निर्धास्त माणूस सीमा ओलांडली की आरोपी व्हायचा. या कायद्यात एक अपवाद आहे, तो मला फार माणुसकीचा वाटतो : ज्याला एकच हात आहे अशा माणसाला तीन इंच किंवा त्याहून कमी पात्याचा खटक्याचा चाकू जवळ बाळगायला मुभा. कायदा लिहिणाऱ्यांना हे माहीत होतं की एका हाताने चाकू उघडण्याची गरज खरी असते. फक्त ती त्यांना एकाच प्रकारच्या माणसापुरती दिसली.

व्याख्येचे दोन भाग होते. पहिला : मुठीतल्या बटणावर किंवा अन्य साधनावर हाताचा दाब दिल्यावर ज्याचं पातं आपोआप उघडतं तो चाकू. दुसरा : जडत्वाने, गुरुत्वाने किंवा दोन्हींनी ज्याचं पातं आपोआप उघडतं तो चाकू. पहिल्या भागात ‘मुठीतल्या’ हा शब्द आहे. दुसऱ्यात ‘जडत्व’. पुढच्या पन्नास वर्षांचा सगळा तंटा या दोन शब्दांवर झाला.

मधली काही वर्षं भराभर ओलांडू. १९८१ मध्ये कोलोरॅडोतल्या एका कंपनीने पात्यालाच अंगठ्याएवढं गोल भोक पाडलं आणि मुठीला खिशाच्या काठावर अडकवायची क्लिप लावली. स्प्रिंग नाही, बटण नाही, तरी चाकू एका हाताने उघडायला लागला. रोज खिशात वागवायचा चाकू ही जी कल्पना आज ‘ईडीसी’ या तीन अक्षरांनी ओळखली जाते, तिचा पाया त्या क्लिपने घातला असं माझं मत आहे. त्याआधी चाकू खिशाच्या तळाशी किल्ल्यांत हरवलेला असायचा. क्लिपमुळे तो पेनासारखा हाताशी आला आणि हाताशी आला म्हटल्यावर एका हाताने झटकन उघडावा ही अपेक्षाही आली.

नव्वदच्या दशकात दोन-तीन कारागिरांनी जवळपास एकाच सुमारास तो पुढचा विचार केला. कायदा म्हणतो ‘मुठीतलं’ बटण. मग दाब मुठीवर न देता पात्यावरच दिला तर? आणि कायदा म्हणतो ‘आपोआप’. मग सुरुवात माणसाने केली आणि स्प्रिंग नंतर मदतीला आली तर? हवाईतल्या एका चाकू-कारागिराने केलेली तारेची रचना १९९८ च्या सुमारास ऑरेगॉनमधल्या एका मोठ्या कंपनीने बाजारात आणली आणि काही वर्षांतच अमेरिकेतल्या प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात असा चाकू काचेआड दिसू लागला. हे कायद्याला चकवणं होतं का? माझ्या मते नव्हतं. कायद्याने एक रेषा आखली आणि कारागिरांनी तिच्या अलीकडे उभं राहून काम केलं. रेषा कशासाठी आखतात? दुसरं असं की या रचनेत एक सुरक्षितता आहे जी खऱ्या खटक्याच्या चाकूत नाही : खिशात चुकून बटण दाबलं जाण्याची भीती इथे नाही, कारण दाबायला बटणच नाही आणि स्प्रिंगचा जोर आतल्या बाजूला आहे.

हे म्हणणं पहिल्यांदा कायद्यात उतरलं ते कॅलिफोर्नियात, २००१ साली. तिथल्या दुरुस्तीने म्हटलं की जो चाकू पात्यावर किंवा पात्याला जोडलेल्या गुंड्यावर अंगठ्याचा दाब देऊन एका हाताने उघडतो, तो खटक्याचा चाकू नाही, मात्र उघडताना मात करावी लागेल असा विरोध त्यात असला पाहिजे किंवा पातं पुन्हा बंद होण्याकडे ओढणारी यंत्रणा त्यात असली पाहिजे. म्हणजे चाकू किती वेगाने उघडतो ही कसोटी बाजूला पडली. सोडून दिला तर तो कुठल्या बाजूला जातो, ही कसोटी आली. मला ही कसोटी प्रामाणिक वाटते, कारण ती मोजता येते. बंद चाकू हातात घ्या, पातं किंचित उचला, सोडा. ते परत मिटलं तर एक उत्तर, उसळून उघडलं तर दुसरं. यासाठी न्यायालयात तज्ज्ञ बोलवावा लागत नाही.

या पार्श्वभूमीवर २००९ चा निर्णय बघायचा. त्यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण आज हा चाकू ज्या रूपात टिकून आहे तो त्या सहा महिन्यांमुळे.

अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने त्याआधी काही आयातदारांना लेखी कळवलं होतं की असिस्टेड चाकू १९५८ च्या व्याख्येत बसत नाहीत. आयातदारांनी त्यावर विसंबून माल मागवला, विकला. मे २००९ मध्ये त्याच खात्याने जाहीर केलं की आधीचे असे चार निर्णय रद्द करायचा प्रस्ताव आहे. हरकती नोंदवायला मुदत साधारण तीस दिवसांची, २१ जूनपर्यंत. खात्याचं नवं म्हणणं व्याख्येच्या दुसऱ्या भागावर उभं होतं. माणसाने पात्याला सुरुवातीचा धक्का दिला की पुढे ते स्प्रिंगच्या आणि जडत्वाच्या जोरावर आपोआप उघडतं, म्हणून ते खटक्याच्या चाकूसारखंच.

नीट पाहिलं तर हे म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. चाकू उघडून दाखवला तर लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही. वेग जवळपास सारखा, आवाज सारखा. रस्त्यावरच्या पोलिसाने मुठीतली तार कुठे बघायची? आणि स्प्रिंग शेवटचा मोठा टप्पा पार करते हे खरंच आहे. ज्यांनी विरोध केला त्यांच्यातल्या काहींनी हे मान्यच केलं नाही, आणि त्यामुळे त्यांची बाजू विनाकारण दुबळी दिसली.

पण प्रस्तावातली खरी अडचण वेगळीच होती. ‘जडत्व’ हा शब्द इतका ताणला की तो कुठे थांबणार? बिजागरीचा स्क्रू थोडा सैल असलेला कुठलाही घडीचा चाकू मनगटाच्या झटक्याने उघडता येतो. बरीच वर्षं वापरून गुळगुळीत झालेला साधा चाकूसुद्धा. मग अंगठ्याच्या गुंड्याचे, भोकाचे, क्लिपचे सगळेच चाकू त्या व्याख्येत ओढले जाणार. इथे खात्याचा हेतू काय होता यापेक्षा शब्दांचा पल्ला किती होता हे महत्त्वाचं. आणि ही भीती हवेतली नव्हती, तिचं जितंजागतं उदाहरण न्यूयॉर्क शहरात होतं. तिथे गुरुत्वाने उघडणाऱ्या चाकूंवरची जुनी तरतूद पोलिसांनी मनगटाच्या झटक्याच्या कसोटीने लावली होती. पोलिसाने दोन-चार झटक्यांत पातं बाहेर काढलं की चाकू बेकायदा. सुतार, मंचावर सामान लावणारे कामगार, गोदामातली पोरं यांना त्यांच्याच कामाच्या हत्यारासाठी अटक व्हायची, आणि त्यात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी होती. कायद्यातला एक सैल शब्द कोणाच्या मनगटावर येऊन पडतो हे तिथे दिसत होतं.

तीस दिवसांत हरकतींचा पाऊस पडला. चाकू बनवणारे, शिकारी, मासेमार, बचावपथकातले लोक, कारागीर, सगळ्यांनी पत्रं लिहिली. खातं हटायला तयार दिसेना तेव्हा प्रकरण संसदेत गेलं. गृहसुरक्षेच्या पुढच्या वर्षाच्या खर्चाच्या विधेयकाला उन्हाळ्यात एक छोटी दुरुस्ती जोडली गेली आणि २८ ऑक्टोबर २००९ रोजी विधेयकावर सही झाली. १९५८ च्या कायद्यात पाचवा अपवाद आला : ज्या चाकूत पातं बंद राहण्याकडे कल निर्माण करणारी स्प्रिंग, खाच किंवा अन्य यंत्रणा आहे, आणि तो कल मोडून पातं उघडायला हाताने, मनगटाने किंवा दंडाने पात्यावर जोर द्यावा लागतो, तो चाकू या कायद्याच्या कक्षेबाहेर.

कॅलिफोर्नियाच्या आठ वर्षांपूर्वीच्या भाषेचा हा धाकटा भाऊ आहे, हे उघड दिसतं. पण एक फरक आहे. कॅलिफोर्नियात फक्त अंगठा होता. इथे हात, मनगट आणि दंड आले. अंगठ्याच्या जागी मनगट आलं तिथेच झटक्याची कसोटी निकालात निघाली. हा बदल मुद्दाम केला गेला असणार आणि माझ्या मते त्या दुरुस्तीतलं सगळ्यात दूरदर्शी काम तेच होतं. पुढच्या काळात ज्या राज्यांनी आपापले कायदे सुधारले, त्यांच्यातल्या अनेकांनी याच धाटणीची वाक्यं उचलली.

एक गोष्ट मात्र २००९ ने सुटली नाही. तो अपवाद देशपातळीवरच्या व्यापाराच्या कायद्यापुरता होता. राज्यांचे कायदे तसेच राहिले. दुकानातून कायदेशीर विकत घेतलेला चाकू दुसऱ्या राज्यातल्या रस्त्यावर बेकायदा असू शकत होता आणि काही ठिकाणी आजही असू शकतो. तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं, ‘ऑनलाइन मिळाला म्हणजे चालतो’ हा हिशेब तिकडेही चुकतो.

त्यानंतरची घडण वेगाने झाली. २०१० मध्ये न्यू हॅम्पशायरने चाकूंवरच्या बंद्या उठवल्या, २०१३ मध्ये टेक्सासने खटक्याच्या चाकूवरची बंदी काढली आणि मग एकामागून एक राज्यं येत गेली. न्यूयॉर्कची गुरुत्वाच्या चाकूची तरतूद मार्च २०१९ मध्ये तिथल्या संघराज्य न्यायालयाने एका खटल्यापुरती घटनाबाह्य ठरावी इतकी मोघम असल्याचं म्हटलं आणि मे अखेरीस राज्याने ती रद्दच केली. ऑगस्ट २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तर खटक्याच्या चाकूवरची बंदीच शस्त्र बाळगण्याच्या घटनात्मक हक्काच्या आड येते असं म्हणून रद्द केली. गंमत नाही, विचार करण्याजोगी गोष्ट आहे : ज्या रेषेच्या अलीकडे राहण्यासाठी असिस्टेड चाकूचा जन्म झाला, ती रेषाच आता बऱ्याच राज्यांत पुसली जातेय. अमेरिकेतले चाकूवाले आज विचारतात की खरा बटणाचा मिळत असताना हा मधला हवा कशाला. मला तरी तो अजून हवासा वाटतो. कारण तेच, बंद राहण्याकडे असलेला कल.

ब्रिटन बरोबर उलट दिशेला गेला. तिथल्या १९५९ च्या कायद्याची व्याख्या अमेरिकेच्या व्याख्येची सख्खी बहीण होती : मुठीतल्या किंवा मुठीला जोडलेल्या बटणावर, स्प्रिंगवर किंवा साधनावर दाब दिल्यावर आपोआप उघडणारं पातं. असिस्टेड चाकू त्यातून निसटत होते, कारण दाब पात्यावर पडत होता. २०१९ च्या नव्या कायद्याने ‘मुठीत’ च्या जागी ‘चाकूत’ घातलं आणि एक तुकडा जोडला : अर्धवट उघडलेल्या स्थितीतून पूर्ण उघडणारा चाकूही तोच. एका शब्दाच्या बदलाने आणि एका तुकड्याने सगळा उपप्रकार बंदीत गेला. लोकांना असे चाकू पोलिसांकडे जमा करून भरपाई मागायची मुदत दिली गेली आणि १४ जुलै २०२१ पासून ते घरात ठेवणंही गुन्हा झालं. तीन इंचांपर्यंतच्या साध्या, उघडल्यावर पातं अडकून न राहणाऱ्या घडीच्या चाकूला मात्र तिथे आजही मुभा आहे. ब्रिटनचा निर्णय मला पटत नाही, पण शब्द नेमके वापरल्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. त्यांनी ‘जडत्व’ ताणत न बसता थेट सांगितलं की आम्हाला हे नको.

आता घरचं. भारतात या चाकूंसाठी स्वतंत्र शब्दच कायद्यात नाही आणि हाच गुंत्याचा उगम आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यात ‘शस्त्र’ म्हणजे हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली वस्तू, पण केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली वस्तू नाही. उदाहरण म्हणून कायद्याने चक्क लाठी आणि साध्या हातकाठीचं नाव घेतलंय. नियमांच्या परिशिष्टात ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती, शेतकी, वैज्ञानिक आणि औद्योगिक वापराचे सोडून. म्हणजे आपला कायदा मुळात विचारतो दोनच गोष्टी : पातं केवढं आणि चाकू कशासाठी बनवलेला. ते कसं उघडतं हे तो विचारत नाही.

विचारलं ते दिल्लीने. अधिनियमाच्या चौथ्या कलमात केंद्राला विशिष्ट भागासाठी विशिष्ट शस्त्रांवर बंधन घालता येतं. त्या वाटेने दिल्ली प्रशासनाच्या १९८० च्या अधिसूचनेत स्प्रिंगचे, गरारीदार, बटनदार आणि ‘अन्य कोणत्याही यांत्रिक साधनाने उघडणारे किंवा बंद होणारे’ चाकू आले, पात्याची लांबी ७.६२ सेंमी किंवा जास्त आणि रुंदी १.७२ सेंमी किंवा जास्त असेल तर. ७.६२ म्हणजे बरोबर तीन इंच. हे ‘गरारीदार’ म्हणजे काय हे रामपूरचं पाणी प्यायलेल्यालाच कळेल. उघडताना दातेरी चाकावरून कर्र-कर्र आवाज करणारे हे चाकू. सिनेमामुळे आपल्याकडे सगळा खटक्याचा चाकू म्हणजे ‘रामपुरी’ अशी समजूत झाली, पण अनेक रामपुरी चाकूंत बटण असतं ते उघडलेलं पातं अडकून राहावं आणि सोडवता यावं म्हणून. पातं हाताच्या झटक्यानेच उघडायचं. पुढे पात्याच्या लांबीवर बंधनं आली, गिऱ्हाईक तुटलं आणि रामपूरचे कारागीर थोडेच उरले. २०२३ मध्ये त्या शहराने एका चौकात वीस फुटी रामपुरी चाकूचं शिल्प उभारलं.

असिस्टेड चाकू दिल्लीच्या त्या शब्दांत सहज बसतो. तार हे यांत्रिक साधनच आहे आणि तीन इंचांचं पातं हे या चाकूंचं अगदी नेहमीचं माप. अमेरिकेत ज्या तारेने तो सुटला, दिल्लीत त्याच तारेने तो अडकतो. मात्र अलीकडेच सर्वोच्च न्यायालयाने बटनदार चाकूच्या एका प्रकरणात सांगितलं की ती अधिसूचना बनवणं, विकणं आणि विक्रीसाठी किंवा चाचणीसाठी जवळ ठेवणं याबद्दल आहे. आरोपपत्रात तसा आरोपच नसेल तर निव्वळ चाकू सापडला म्हणून खटला चालवता येणार नाही. तो खटला रद्द झाला.

दिल्लीची ती अधिसूचना महाराष्ट्रात लागू नाही, इथे वेगळंच कलम आहे आणि ते पेपर वाचणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेखालून गेलेलं असतं. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाचं, म्हणजे आताच्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं, कलम ३७(१). सण, निवडणुका, मोर्चे यांच्या आगेमागे निघणाऱ्या आदेशात सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुऱ्या, काठ्या, लाठ्या आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बाळगायला मनाई असते. यात ९ इंच नाहीत, ३ इंच नाहीत, स्प्रिंग तर नाहीच. लागू असेल तेव्हा घडीचा साधा चाकूही त्यात येतो. म्हणून नाशिक-पुण्यात असा चाकू घेणाऱ्याने ‘असिस्टेड चालतो का’ हे विचारण्याआधी ‘आज आपल्या आयुक्तालयात किंवा जिल्ह्यात ३७(१) चा आदेश आहे का’ हे बघायला हवं. पहिला प्रश्न अमेरिकेचा आहे, दुसरा आपला.

इथल्या पोलिसांची काळजीही समजून घ्यायला हवी. मे २०१८ मध्ये औरंगाबादेत ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी पकडले होते. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात कोयत्याच्या हल्ल्यांनी लोक इतके धास्तावले की कोयता विकताना गिऱ्हाईकाचं आधार कार्ड घ्यायला दुकानदारांना सांगितलं गेलं. कोयता म्हणजे शेतीचं अवजार, कायद्याने सरळ बाहेर काढलेलं. त्याच्या पात्याला घडीही नसते आणि स्प्रिंगही नसते. रस्त्यावरच्या भीतीचा पातं उघडण्याच्या तऱ्हेशी काही संबंध नाही, हे त्यातून दिसलं. तरी खिशात क्लिपला लावलेला, ‘खट्’ करून उघडणारा चाकू नाकाबंदीत सापडला की संशय त्याच्यावर आधी जातो.

आणि सापडलाच तर काय लिहितात, हे पंचनामे वाचलेल्यांना ठाऊक आहे. एक लोखंडी धारदार चाकू, पात्याची लांबी इतके इंच, मुठीची लांबी इतके इंच, पात्याची रुंदी इतकी, टोक निमुळतं, मूठ काळ्या रंगाची, किंमत अंदाजे इतके रुपये. पट्टी पात्यावर ठेवून मापं घेतली जातात, कागदी पाकिटात घालून लाखेचं सील लागतं, पंचांच्या सह्या होतात. तारेचा उल्लेख कुठेच नसतो.